दोनदा फिरलेलं मीटर

माझ्या धाकट्या भावाची, गेलनची, मला किळस येते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्याचं कौतुक ऐकायला मिळेल अशी आशा कुणाला नको.

आमचे बाबा, अल्विन, टपाल वाटायचे. कॅन्ससच्या मातीच्या रस्त्यांवर, स्वतःच्याच गाडीतून. तिकडे स्टिअरिंग डावीकडे आणि टपालपेट्या उजव्या कडेला, म्हणून बाबा उजवीकडे बसायचे, डावा हात आणि डावा पाय ताणून गाडी हाकायचे आणि खिडकीतून एकेका पेटीत टपाल सारायचे. चौऱ्याहत्तर सालची गाडी, मीटरला आकडे पाचच. लाख मैल झाले की पुन्हा सगळी शून्यं. असं दोनदा झालं. दोन्ही वेळा बाबांनी मुद्दाम आईला सोबत नेलं आणि शून्यं आल्यावर तिला बेकरीतला गोड चेरी-पाय खाऊ घातला. ते गेले तेव्हा मीटर एकेचाळीस हजार दाखवत होतं.

गेलननं गाडी विकायची जाहिरात दिली : एकेचाळीस हजार मैल, फक्त रविवारी चर्चला जाण्यापुरती वापरलेली.

"लाज वाटत नाही तुला?" मी विचारलं.

"ताई, मीटर मी फिरवलंय का? दिसतंय ते लिहिलं." तोंडात डोनट, ओठांना साखर. मला बघवेना.

गिऱ्हाईक मिळालं ते एबर्ली नावाचे म्हातारे गृहस्थ. बायकोची किडनी गेलेली. तिला डायलिसिसला दूरच्या शहरात न्यायचं, म्हणून वाटेत बंद न पडणारी गाडी हवी होती. हे कळल्यावरही गेलनचा चेहरा लोण्यासारखा मऊच राहिला.

मालकीच्या कागदावर बाबांचं आणि आईचं नाव होतं. त्यामुळे सही आईची लागणार, आणि खोटं विकलं तर ते बाबांच्या नावावर विकलं जाणार. गाडी एबर्लींच्या नावावर करायला आम्ही चौघं काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ऑफिसात खिडकीपुढे उभे राहिलो.

खिडकीतली बाई म्हणाली, "गाडी फार जुनी आहे. मैल सांगायची सक्ती नाही. त्या रकान्यात 'सूट' लिहा. आणि जपून हं, भलतं काही लिहिलंत किंवा खाडाखोड केलीत तर कागद बाद. नवा काढावा लागेल."

गेलनला आनंद लपवता येईना. सरकारनंच याला पळवाट काढून दिली होती.

एबर्ली मात्र आईकडे वळले. "कोणत्या चर्चला जायचे हो तुमचे मिस्टर?"

"अल्विन?" आई म्हणाली. "रविवारी दुपारपर्यंत घोरत पडायचा तो."

गेलन खोटं खोटं हसला. एबर्ली हसले नाहीत.

"मग एकेचाळीस हजार तरी खरे ना, बाई? मला बायकोला घेऊन जायचंय, म्हणून विचारतो."

"आई, सही कर," गेलननं तिच्या हातात पेन कोंबलं. "लोक खोळंबलेत मागे. 'सूट' लिही आणि मोकळी हो."

आईनं चष्मा लावला. रकान्यात सावकाश, ठळक अक्षरांत लिहिलं : दोनदा फिरलंय. दोन लाख एकेचाळीस हजार. मग कागद खिडकीत न देता एबर्लींच्या हातात दिला.

"हा कागद गेला आता," खिडकीतली बाई म्हणाली.

"जाऊ दे," आई म्हणाली.

एबर्लींनी वाचलं. गेलनकडे असं पाहिलं, जसं बुटाच्या तळाला काही चिकटलं तर पाहतात. मग आईपुढे टोपी काढली आणि निघून गेले.

पार्किंगमध्ये गेलन भडकला. "हातातलं गिऱ्हाईक घालवलंस. कायदा विचारत नव्हता, आई. तुला कुणीच विचारत नव्हतं."

आई बाबांच्या गाडीत बसली, ते बसायचे त्या उजवीकडच्या जागेवर.

"एबर्लींनी विचारलं होतं," ती म्हणाली. "तू चालत ये."