तिकडचा बुधवार

निमिषने पुढच्या चाकातली हवा थोडी सोडली आणि अंगठ्याने टायर दाबून पाहिला. पुढचा चढ सुट्या खडीचा होता. हवा जास्त राहिली की चाक खडीवर नाचतं, हे त्याला गुरुकाकांनीच शिकवलं होतं, आणि आता ते गुरांच्या फाटकाला टेकून, हा शिष्य अजून किती वेळ लावतो ते बघत उभे होते.

“झालं का? की मुहूर्त बघतोयस?”

“झालं, काका.”

गुरुनाथ काळे बासष्ट वर्षांचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडीच्या वाटांवर चालणारी सायकल, घेतली आणि गावातल्या झाडून सगळ्या मराठी माणसांना, म्हणजे एकूण पाच घरांना, या डोंगरात ओढून आणायचा सपाटा लावला. बाकीची चार घरं महिन्याभरात गळाली. निमिष तेवढा टिकला. आधी राहायचा त्या नेपरव्हिलच्या बर्फाला कंटाळून तो कॅलिफोर्नियाच्या या किनाऱ्यावर आला होता, काम घरूनच असायचं, आणि मंगळवार-गुरुवारी लॅपटॉप मिटला की तो मुकाट्याने सायकल बाहेर काढायचा.

त्यांनी फाटक उघडलं, सायकली आत घेतल्या, फाटक पुन्हा लावलं. कच्चा रस्ता डोंगराच्या कडेकडेने वर चढत होता. जूनमधलं गवत वाळून पिवळं पडलं होतं, मधूनमधून ओकची खुजी झाडं होती. उजव्या हाताला, खूप खाली, समुद्र. निमिषने सगळ्यात हलका गिअर टाकला आणि मान खाली घालून पाय मारू लागला.

त्याचे वडील जाऊन नऊ दिवस झाले होते. निदान त्याच्या हिशेबाने.

या नऊ दिवसांत त्याला काहीच वाटलं नव्हतं. नागपुरात चितेला अग्नी दिला तेव्हा तो इथे जेवणाच्या टेबलाशी फोनसमोर बसला होता. चुलतभाऊ शंतनूने मडकं फोडलं, बहीण सावनी रडली, आणि निमिष बघत राहिला. आपला माइक बंद आहे ना, एवढंच त्याने दोनदा तपासलं. दुसऱ्या दिवशी सकाळची मीटिंग त्याने घेतली. ऑफिसने फळांची करंडी पाठवली, त्यातले पेअर त्याने एकेक करून संपवले. आपण दगड आहोत की काय, अशी शंका त्याला येऊन गेली, पण ती शंकासुद्धा जराशी लांबूनच आली.

जाता आलं नाही, कारण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला होता. बाहेर पडलं की नव्या शिक्क्यासाठी किती महिने अडकून पडावं लागेल, याचा नेम नव्हता. वकील म्हणाला, शक्यतो जाऊ नका. वकिलाला विचारताना त्याने हेच म्हणावं अशी आपली इच्छा होती, हे मात्र निमिषने कुणाला सांगितलं नव्हतं.

माथ्यावर पोचले तेव्हा दोघांनाही धाप लागली होती. इथे वाऱ्याबरोबर फोनची रेंजही येते. निमिषच्या खिशात फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला आणि मग थांबेचना. त्याने काढून पाहिलं. सावनीचे अकरा मिस्ड कॉल.

तेवढ्यात बारावा आला.

“दादा, कुठे आहेस तू? कधीची फोन करतेय! आम्ही घाटावर आहोत.”

“घाटावर? आज?”

“आज दहावा ना रे बाबांचा!”

“दहावा बुधवारी...”

“बुधवारच आहे, दादा.”

निमिषने समुद्राकडे पाहिलं. सूर्य पाण्यापासून दोन हात वर होता. इथे मंगळवारची संध्याकाळ होती आणि तिकडे बुधवार केव्हाच उजाडला होता. उद्याची रजा टाकली होती त्याने. सकाळी अंघोळ करून फोनसमोर बसायचं ठरवलं होतं. चौदा वर्षं दोन देशांतल्या मीटिंगा जुळवण्यात गेलेल्या माणसाने स्वतःच्या बापाच्या दहाव्याचा वार चुकवला होता.

“कावळा शिवत नाहीये,” सावनी म्हणाली. तिचा आवाज बसला होता. “तास होत आला. कठड्यावर चार-पाच बसलेत, पण पिंडाजवळ एकही येत नाही. शंतनूदादाने सांगून झालं, आईला सांभाळू म्हणून. मी सांगितलं. काकांनी काय काय कबूल केलं. गुरुजी म्हणतात, अजून दहा मिनिटं बघू, नाहीतर दर्भाचा कावळा करू.”

“मग करू दे ना.”

“दादा, आईला काय सांगू घरी जाऊन? दर्भाचा केला म्हणून?” ती थांबली. “सगळे म्हणताहेत, त्यांचा जीव तुझ्यात अडकलाय. तू बोल. मी फोन पिंडाशेजारी ठेवते, स्पीकरवर. आम्ही सगळे लांब होतो.”

“सावनी, अगं...”

“त्यांना काय ऐकायचंय ते तुला माहितीये,” ती म्हणाली, आणि फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला.

गुरुकाका सगळं समजले असावेत. त्यांनी निमिषची सायकल आपल्या हातात घेतली आणि दोन्ही सायकली धरून, पाठ फिरवून, वीसेक पावलं पुढे जाऊन उभे राहिले.

फोनमधून वारा ऐकू येत होता. लांब कुठेतरी एक स्कूटर सुरू होत नव्हती. कावळे ओरडत होते.

बाबांना काय ऐकायचं होतं ते निमिषला माहीत होतं. दर रविवारी फोन ठेवताना ते विचारायचे, “मग, कधी येतोस?” भेटायला नव्हे, कायमचं. आणि तो म्हणायचा, “बघू, पुढच्या वर्षी नक्की.” आज तर ते म्हणणं सगळ्यात सोपं होतं. आज कुणी उलट विचारणार नव्हतं. ‘येतो’ म्हटलं की कावळा येईल, सावनी सुटेल, आईच्या जिवाला शांतता मिळेल. दोन अक्षरं तर होती.

“बाबा,” तो म्हणाला.

पाठीवरच्या खिशातली बाटली काढून तो घोटभर पाणी प्यायला आणि मग त्याने तिचं तोंड बंद केलं.

“बाबा, मी परत येणार नाहीये. भेटायला येईन, आईला बघायला येईन. राहायला नाही.” वारा एवढा होता की स्वतःचा आवाज त्याला दुसऱ्याचा वाटला. “हे मला पुष्कळ वर्षं माहीत होतं. आणि आत्ता आलो नाही, ते नुसतं व्हिसामुळे नाही. भीती वाटली. तुम्ही नसलेल्या घरात यायची भीती वाटली.”

एवढंच होतं सांगण्यासारखं. आता बिचाऱ्या गुरुजींना दर्भ काढावे लागणार, असं त्याच्या मनात आलं, आणि तो फोन बंद करायला गेला.

पंख फडफडल्याचा आवाज झाला, अगदी फोनच्या कानाशी. मग लांबून एकदम पाच-सहा माणसं ओरडली.

“शिवला! शिवला!”

सावनी धावत आली असावी. तिला हसू आवरत नव्हतं आणि रडूही.

“दादा! शिवला रे! एक नाही, दोन आले! येतो म्हणालास ना? शंतनूदादा म्हणालाच होता. मी आईला आत्ता फोन करते, इतकं बरं वाटेल तिला...”

“थांब,” निमिष म्हणाला. “आईला मी सांगतो.”

गुरुकाकांनी मान वळवली, पण जवळ आले नाहीत. सूर्य खाली उतरला होता आणि माथ्यावर गारठा वाढला होता. निमिषने घरचा नंबर लावला. पहिल्याच रिंगला आईने उचलला.

“शिवला का रे?”

“शिवला.”

“देवाची कृपा. कोण बोललं?”

“मी.” त्याने श्वास घेतला. “आई, सगळ्यांना वाटतंय मी येतो म्हणालो. तसं नाही म्हणालो मी. येणार नाही म्हणालो.”

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला; आई खाली बसली असावी. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“हे त्यांना जिवंतपणी सांगायला काय झालं होतं?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, दमलेपण होतं. “दर दिवाळीला वरची खोली रंगवून घ्यायचे. कुणाला देऊ दिली नाही त्यांनी. गेल्या वर्षी नवा पलंग करायला टाकला, तेव्हा मला विचारत होते, निमिषची उंची किती गं, पाय बाहेर यायला नकोत.”

निमिष रस्त्याच्या कडेला खडीवर बसला.

“मी काय म्हणते,” आई म्हणाली, “मग आता वरच्या खोलीला भाडेकरू बघू का?”

‘बघ’ म्हणायला त्याने तोंड उघडलं. आणि दहा दिवसांत पहिल्यांदा त्याला रडू फुटलं. त्याने फोन छातीशी दाबून धरला, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

“निमिष?” आई पुन्हा विचारत होती. “बघू का रे?”