जयंतीबाईंचं पान

प्रेमा जाऊन अठरा दिवस झाले होते. तिच्या फोनवर निरोप आला: "तुमचे 'जयंती सुईण' हे नवीन पान काढून टाकण्याचा प्रस्ताव आहे. सात दिवसांत मत नोंदवा."

प्रेमा माझी बायको. आम्ही घाटकोपरला डोंगरावरच्या वस्तीत राहायचो; तिथे तिने सत्तावीस वर्षं बालवाडी चालवली. नंतर आम्ही मुलुंडला राहायला आलो आणि तिला उपनगर कोशाचा नाद लागला. हा कोश इंटरनेटवर आहे. कोणीही पान लिहावं, दुसऱ्याने ते सुधारावं, अशी पद्धत. लोक तलावांवर, देवळांवर, बंद पडलेल्या कारखान्यांवर लिहायचे. प्रेमा वस्तीतल्या बायकांवर लिहायची. दरवेळी भांडण व्हायचं, कारण नवीन पानाला दोन छापील संदर्भ लागतात.

भांडायला पुढे असायचा तो बोरिवलीचा केयूर.

"ह्या बायकांबद्दल पेपरात कोण छापतंय रे?" प्रेमा लिहायची आणि मला मोठ्याने वाचून दाखवायची.

"मग ताई, उद्या मीपण माझ्या आजीचं पान करतो," तो उत्तर द्यायचा.

"कर की. आजीने काय केलं ते तर लिही."

दोघं कधी भेटले नाहीत. मी पवईच्या ऑफिसांमध्ये लिफ्ट दुरुस्त करायचो. लिहिण्याशी माझा संबंध सहीपुरता.

जयंतीबाईंचं पान तिने हॉस्पिटलात जायच्या आदल्या आठवड्यात लिहिलं. तिचं शेवटचं. डोंगरावर गाडी चढत नव्हती त्या काळात जयंतीबाईंनी तिथली बाळंतपणं केली होती. हे पान जाऊ द्यायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात आलं. तिच्याच फोनवरून चर्चेच्या पानावर मी लिहिलं, "ठेवा." बटण दाबलं. खाली आपोआप नाव उमटलं, प्रेमा, आणि पुढे तारीख.

दहा मिनिटांत केयूरचं उत्तर आलं. "प्रेमाताई! होतात कुठे? महिनाभर भांडायला कोणी नाही यार."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी लिहिलं, "तब्येत बरी नव्हती."

पुढचे सहा दिवस मी ती होऊन भांडलो. तिची जुनी भांडणं वाचायचो, तिची वाक्यं उचलायचो. रेवती नावाच्या बाईने माझ्या बाजूने "ठेवा" लिहिलं. केयूर आणि अंबादास यांनी "काढा". सकाळी उठलो की चहा ठेवायच्या आधी फोन बघायचो. कोणीतरी तिला काहीतरी विचारलेलं असायचं. कोणी रागावलेलं असायचं.

गोरेगावहून मुलीचा, गंधालीचा फोन आला. "बाबा, जेवलास?"

"जेवलो."

"करतोयस काय?"

"भांडतोय."

"एकटाच?"

मी हसलो. ती नाही हसली.

सहाव्या दिवशी केयूरने लिहिलं, "ताई, एक तरी पुरावा द्या ना. नुसतं चांगली बाई होती म्हणून पान होत नाही."

माझं डोकं फिरलं. मी लिहीत सुटलो. "पुरावा मी आहे. माझी बायको दीड दिवस अडली होती. पोरीचे पाय आधी येत होते. जयंतीबाईंनी दोघींना वाचवलं. हे तुझ्या कुठल्या पेपरात येणार?"

बटण दाबलं. खाली नाव उमटलं, प्रेमा.

 अर्ध्या तासाने केयूरने विचारलं, "ताई, तुमची बायको?"

त्याखाली अंबादास. "हे खातं कोण चालवतंय?"

घाईत चुकून लिहिलं, असं म्हणता आलं असतं. मी लिहिलं, "मी लवू. प्रेमाचा नवरा. प्रेमा गेली. चोवीस दिवस झाले."

संध्याकाळी केयूरने माझा नंबर मागून घेतला आणि फोन केला. आवाज अगदी पोरसवदा होता. मला वाटलं होतं, कोणीतरी जाडजूड माणूस असेल.

"काका, मला माहीत असतं तर मी प्रस्ताव टाकलाच नसता."

"मग आता मागे घे."

 तो म्हणाला, "मागच्या वर्षी माझ्या सरांचं पान वाचवायला मी वशिला लावत होतो. ताईंनी सगळ्यांसमोर झापलं. म्हणाल्या, कीव करून ठेवलेलं पान नंतर कोणीही काढतं. संदर्भ शोध."

"जयंतीबाई अंगठा लावायची रे. तिच्यावर लिहिणारी एकटी प्रेमा. तेच तुम्ही काढताय."

"काका, ताईंच्या नावाने तुम्ही टाकलेलं मत बाद होईल. आणि खातं बंद करावं लागेल. एक खातं एकाच माणसाचं, असा नियम आहे."

"कर."

दुसऱ्या दिवशी प्रेमाच्या खात्याच्या पानावर श्रद्धांजल्या सुरू झाल्या. मी सोळा मोजल्या. कोणीतरी समईचं चित्र लावलं. सहा दिवस कोशावर लोक तिला टोमणे मारत होते, उत्तर मागत होते. ती गेल्याचं तिथे मीच जाऊन सांगितलं. आता तिला कोणी काही विचारत नव्हतं.

सातवा दिवस संपला आणि पान काढलं गेलं. केयूरने मजकूर मला पाठवून दिला, एवढं त्याच्या हातात होतं.

रविवारी गंधाली आली. तिला सगळं सांगितलं. तिने मजकूर दोनदा वाचला. वीस-बावीस ओळी. बारा जणींची नावं, कोणाला कुठल्या साली काय झालं ते.

"बाबा, यात माझा जन्म नाही."

"स्वतःच्या घरातलं तिथे लिहायचं नाही, असं ती म्हणायची."

"आणि तू तेच लिहिलंस."

"हो."

ती रागावून बोलली नाही, नुसतं म्हणाली. मग तिने मजकूर खालपर्यंत सरकवला. "हे आईने लिहिलंय असं कुठे नाही यात."

"आपल्याला माहीत आहे ना."

"आपल्याला आहे रे. पण माझ्या पोरांनी उद्या विचारलं, कशावरून, तर?"

मी फोन तिच्या हातातून घेतला आणि सुरुवातीपासून परत वाचायला लागलो. प्रेमाची म्हणून दाखवता येईल अशी एक ओळ मी शोधत होतो. सगळ्या ओळी साध्या होत्या. कोणीही लिहिल्या असत्या.