मुलीकडची माणसं

केरुबोबाई चाळीस वर्षं नैरोबीत राहिल्या, त्यातली तीस इस्पितळात मेट्रन होत्या, आणि तरीही त्या शनिवारी फसल्या. शहराच्या एका टोकाच्या कावांगवारेहून दुसऱ्या टोकाच्या कायोलेला जायचं होतं. तिथे धाकट्या बहिणीच्या, मोराच्या घरी भाचीला, क्वाम्बोकाला, मागणी घालायला मुलाकडचे येणार होते. पहिली मटाटू, म्हणजे तिथली वडापची गाडी, रस्त्यात अशी अडकली की शेंगा विकणारा बाजूने चालत दोनदा पुढे निघून गेला. शेवटी बाई उतरल्या आणि तरातरा चालत शहरातल्या गाडीतळावर आल्या.

"एकच जागा, आजी," कायोलेच्या मटाटूत माणसं भरणारा पोऱ्या म्हणाला. "तुम्ही बसलात की निघाली."

गाडी खरंच भरलेली दिसत होती. बाई बसल्या. गाडी हलली नाही. एक बाई चढली, तसा मागचा तरुण काहीतरी विसरल्यासारखं करून उतरला. एक म्हातारा चढला, तशी पुढची मुलगी उतरली. मग कुणीतरी तिसराच येऊन बसला. रिकामी जागा आपली एकच. अर्धा तास हे चाललं. बाईंनी शेजारच्या सुटातल्या माणसाकडे पाहिलं. तो मन लावून पेपर वाचत होता. पेपर गेल्या महिन्यातला होता.

"कुठे उतरणार?" बाईंनी विचारलं.

"इथेच," तो म्हणाला, आणि त्याने जीभ चावली.

तेवढ्यात मोराचा फोन आला. "ताई, मुलाकडचे पस्तीस जण आलेत. आपण नऊ. बाकी सगळे रस्त्यात अडकलेत. रिकाम्या खुर्च्या बघून मुलाचा आजोबा विचारतोय, पोरीला कुणी नाही का म्हणून."

"खुर्च्या उचलू नकोस," बाई म्हणाल्या. "माणसं घेऊन येते."

फोन ठेवून त्या उभ्या राहिल्या. वॉर्डातला आवाज अजून शाबूत होता. "या गाडीत खरोखर कायोलेला जाणारे कोण?"

पाच हात वर आले.

"बाकीचे गाडी भरलेली दिसावी म्हणून बसलाय. लाजू नका. मलाही बसायलाच माणसं हवीत. बकऱ्याचं मटण आहे, पिलाव आहे, चपात्या आहेत. इथे काय देतात?"

"चहा," मागून कुणी म्हणालं. "तोही बिनदुधाचा."

ड्रायव्हर आरशातून बघत होता. "आणि मी फुकट्यांना घेऊन जाऊ होय?"

"शनिवारी तिकडून शहरात यायला लोक दाराला लटकतात. परतीला भरेल गाडी. इथे थांबून काय उजेड पाडतोयस? आणि जेवायला तूही आहेस. तू माझा जावई."

"मटण कधीपासून शिजतंय?"

"पहाटेपासून."

ड्रायव्हरने गाडी काढली. पोऱ्या पत्रा बडवत मागे धावला. "अरे, माझी माणसं कुठे नेतोस?"

"सासुरवाडीला," जावई म्हणाला.

जोगू रोडवर पुन्हा तासभर गाडी तुंबली, ते बरंच झालं. तेवढ्यात बाईंनी चौदाजणांना नाती वाटून टाकली. खरे प्रवासीही कान टवकारून ऐकत होते. त्यातली एक बाई आपण होऊन मावशी झाली. सुटातल्याचं नाव मुल्वा. तो म्हणाला, "आजी, मी कांबा जमातीचा. तुमची किसी भाषा मला येत नाही."

"तू शहरात वाढलास. असला एक दिवटा प्रत्येक घरात असतो. तू मुलीचा काका. कमी बोल."

मोराच्या अंगणात खुर्च्या भरल्या. हात धुणं झालं, आणि मुलाच्या आजोबांनी नेमकं सुटाकडेच बोट केलं. "काकांनी मुलीबद्दल दोन शब्द सांगावेत."

मुल्वाने मुलीला दहा मिनिटांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं होतं. तो उठला, कोटाची बटणं लावली.

"मी फार सांगणार नाही," तो म्हणाला. "आत्ता क्वाम्बोकाने सगळ्यांच्या हातावर पाणी घातलं. प्रत्येक वेळी आधी स्वतःचं बोट धारेखाली धरलं, पाणी फार गरम नाही ना म्हणून. माझ्यासाठीसुद्धा. ही जिथे जाईल, तिथे म्हाताऱ्यांचे हात भाजणार नाहीत."

आजोबांनी चष्मा काढून पुसला. क्वाम्बोका रडली. बाईंनी हळूच नाक ओढलं.

मग अडकलेले नातेवाईक एकेक करून येऊ लागले. एक आला की एक भाड्याचा सवयीने उठायचा, "बसा" म्हणायचा, आणि ताट घेऊन मागच्या दाराला जायचा.

"तुमच्या घरात शिस्त फार," आजोबा म्हणाले. काकांना मात्र त्यांनी उठू दिलं नाही. बोलणी ठरली, आणि निघताना त्यांनी एकच अट घातली: लग्नात हे काका माझ्याशेजारी बसतील.

सोमवारी केरुबोबाई पुन्हा गाडीतळावर गेल्या. मुल्वा खिडकीशीच होता.

"लग्नाला यायचंय."

"बसायला?"

"काका म्हणून."

त्याने पेपरची घडी घातली. "बायकोला आणलं तर चालेल? तिला वाटतं मी ऑफिसात असतो."

"आण. तिचं काय ते माझ्यावर सोड."

लग्नाला मुल्वा बायको आणि तीन मुलींना घेऊन आला. बायकोशी बाई मांडवामागे काय बोलल्या कुणाला कळलं नाही, पण दोघी डोळे पुसत हसतच बाहेर आल्या. क्वाम्बोकाच्या खऱ्या काकांना दुसऱ्या रांगेत बसावं लागलं. ते अजून मोराशी धड बोलत नाहीत.