रविवारच्या भेटीचा डबा

मी एक डबा बोलतोय. प्लास्टिकचा, चौकोनी, आरपार दिसणारा. जरा हळूच बोलतो, कारण मोठा आवाज झाला की माझं झाकण थरथरतं. मग तो कुकरचा असो, की लोखंडी दाराचा.

साच्यातून बाहेर पडलो तेव्हा शेजारच्या रांगेत लाल-हिरवे डबे होते. मला रंग मिळाला नाही याचं तेव्हा फार वाईट वाटलं होतं. रंगीत डब्याच्या पोटात काय आहे ते बाहेर कळत नाही. माझ्या पोटातला कालचा भातही जगाला दिसतो.

जुसारा मावशीनं मला नेमकं त्यासाठीच उचललं. दुकानात उजेडाकडे धरून पाहिलं आणि म्हणाली, "हा चालेल. आतलं दिसलं नाही तर ते सोडत नाहीत." दुकानदारानं 'ते' म्हणजे कोण हे विचारलं नाही. आमच्या गावात उसाच्या मळ्यांपलीकडे तुरुंगाची भिंत आहे, आणि आरपार दिसणारे डबे इथे भरपूर खपतात.

मावशीची धाकटी बहीण एदिलेनी त्या भिंतीआड होती. का, ते त्या घरात मोठ्यानं बोलत नाहीत, म्हणून मीही बोलणार नाही. तिची मुलगी तायसा मावशीकडे राहायची.

दर दुसऱ्या रविवारी मी पोटात भात, राजमा, कोंबडीचे तुकडे घेऊन भेटीला जायचो. दारापाशी एक टेबल, आणि त्यामागे निळे हातमोजे घातलेली शिपाईबाई. तिच्या हातात सुरी. पहिल्यांदा ती सुरी माझ्या पोटात फिरली तेव्हा मी इतका दचकलो की झाकण टेबलावरून खाली पडलं. नंतर सवय झाली असं म्हणणार नाही. ओरखडे मात्र वाढत गेले.

मग तायसाचा आठवा वाढदिवस रविवारी आला, तोही भेटीच्या रविवारी.

आमच्याकडे ब्रिगादेरोशिवाय, म्हणजे कोकोच्या गोड गोळ्यांशिवाय, वाढदिवस होत नाही. दर वर्षी एदिलेनी ते शिजवायची आणि तायसा वळायची. मायलेकींची ती ठरलेली कामं. या वर्षी शनिवारी मावशी शेगडीपाशी उभी राहिली. कंडेन्स्ड मिल्क, कोको, लोण्याचा गोळा, मंद आच. तायसा स्टुलावर उभी राहून पातेल्यात डोकावत होती.

"झालं?"

"चमचा फिरवल्यावर पातेल्याचा तळ दिसला पाहिजे. दिसतोय का?"

"दिसला, पण लगेच बुजला."

"मग नाही झालं. आईची पोर शोभतेस, धीर म्हणून नाही."

मिश्रण ताटात निवलं. तायसानं तळहातांना लोणी चोळलं आणि वळायला बसली. एवढे एवढे, वाटाण्याएवढे.

"हे काय, मुंग्यांचा वाढदिवस आहे का?" मावशी म्हणाली.

"मोठे केले तर त्या दारावरच्या बाई कापतील. मागच्या वेळी केक कापला होता. एवढासा कोण कापणार?"

चॉकलेटच्या बारीक कण्यांची ताटली मावशीनं तायसापुढे सरकवली. गोळी घोळवायची आणि माझ्यात ठेवायची. एकेक गोळी पोटात येत होती आणि माझी धाकधूक वाढत होती. त्या सुरीला मी तायसापेक्षा जास्त ओळखत होतो.

सकाळी रांगेत आमच्यापुढे कांदा घातलेल्या माशाचा डबा होता. शिपाईबाईनं तो तपासला, सुरी फडक्याला पुसली, आणि मला उघडलं.

"मॅडम," तायसा म्हणाली, "यात काही नाही. मी स्वतः वळलेत. माझा वाढदिवस आहे."

शिपाईबाईचा हात थांबला. "कितवा?"

"आठवा."

"देव भलं करो तुझं. पण पोरी, नियम मी लिहिला नाही, सुरी तेवढी माझ्या हातात आहे." आणि तिनं ते वाटाणे एकेक करून कापले. सगळे. माझ्या तळाशी कण्यांचा चुरा झाला आणि कांद्याचा वास राहिला.

तायसा रडली नाही. आतल्या अंगणात पोचल्यावर तिनं मला बाकाखाली सारलं आणि वर स्वतःचं जाकीट टाकलं. "आईला सांगायचं नाही," ती मावशीला म्हणाली. "या वर्षी केलेच नाहीत म्हणायचं."

मी जाकिटाखाली अंधारात होतो. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या पोटातलं कुणाला दिसत नव्हतं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

एदिलेनी आली. लेकीला कवटाळलं आणि तिचे केस हुंगत म्हणाली, "कोकोचा वास येतोय. कुठे लपवलेस गं?"

"नाही केले."

"आणि नखात काय, माती?"

तायसानं हात मागे घेतले. मग तिचा चेहराच वाकडा झाला. "त्यांनी सगळे कापले, आई. मी इतके छोटे केले तरी."

एदिलेनीनं मला बाहेर काढलं. झाकण उघडलं. मला वाटलं, आता ही रडणार. पण ती उठली, कोपऱ्यातल्या नळावर हात ओले करून आली आणि म्हणाली, "लोणी नसलं की पाण्यानं भागतं. कर हात पुढे."

तिनं चार-पाच अर्धुकं एकत्र घेतली, दाबली, वळली. एक मोठा, गुळगुळीत गोळा झाला. दुसरा तायसानं केला, जरा वाकडा. तिसरा दोघींनी मिळून. सगळे वळून होईपर्यंत कुणी एकही तोंडात टाकला नाही. आधी गाणं, मग गोड, हा आमच्याकडचा नेम. शेजारच्या बाकांवरचे लोकही टाळ्या वाजवत गायले.

निघायची घंटा झाली. "पुढच्या वेळी वळून आणू नकोस," एदिलेनी म्हणाली. "नुसतं घट्ट शिजवून थापून आण. वळायचं इथे."

तेव्हापासून मी तसंच नेतो. थापलेल्या ब्रिगादेरोवर शिपाईबाई एकदा आडवी, एकदा उभी सुरी फिरवते. हल्ली ती आमच्यासाठी सुरी धुऊन घेते. त्या रेघा नंतर मायलेकींच्या तळहातांत मिटतात.

पण मी धुरकट झालोय. इतके ओरखडे, इतकं घासणं-धुणं. गेल्या रविवारी शिपाईबाईनं मला उजेडाकडे धरलं आणि मावशीला म्हणाली, "हा आता चालायचा नाही. नवा आणा." म्हणजे माझ्या भेटी संपल्या. एदिलेनीचे अजून अकरा महिने आहेत.

मावशी मला राजम्यासाठी ठेवील. माझी तक्रार नाही. फक्त एक मागणं आहे. एदिलेनी घरी येईल त्या दिवशी ब्रिगादेरो माझ्यात ठेवा. त्या दिवशी आत काय आहे ते कुणाला बाहेरून दिसायची गरज नसेल.