टेपमधली भुजली

आधी खोकला… मग कुणाची तरी बाटली घरंगळत जाते, आणि मग ती हसते – पोटातून, मोकळं, तोंडावर हात न घेता. लग्न होऊन आली त्या वर्षी पहिल्यांदा ऐकलेलं ते हसणं भूमेश्वरीच्या कानात वाजूनही गेलं, आणि कॅसेट अजून तिच्या तळहातावरच होती. वरचा कागद पुसट, निळ्या शाईची इंग्रजी अक्षरं ओलीने फुगलेली, एका कोपऱ्यात स्क्रूच्या जागी नवऱ्याने ठोकलेला बारीक खिळा. एवढीशी वस्तू. एवढ्याशा वस्तूत ती अख्खी जत्रा कशी मावली असेल, हा प्रश्न तिला तेव्हाही पडला होता, आणि आज, राखीला आलेल्या पोराने हात पुढे केला तरी ती तोच घेऊन उभी होती.

"दे माय इकडे," टिकेश म्हणाला. "जपून. पट्टी एकदम कडक झाली आहे. एक बार चालली तरी बहुत झालं."

टिकेश नागपुरात लग्नाच्या व्हिडिओंना आवाज जोडायचं काम करतो. बापाची टेप कॉम्प्युटरवर उतरवून साफ करून द्यायची, असं केव्हाचं त्याच्या मनात होतं. आज लॅपटॉप, वायरी आणि कुणाकडून तरी मागून आणलेला जुना डेक मांडून बसला होता. शेजारी पुरनलाल, नवरदेवासारखा ताठ.

कॅसेटची बाजूला ठेवलेली डबी उघडली तर वाळलेल्या पिवळ्या पात्यांचा भुगा टेबलावर सांडला.

"पाह्य, उंदरायचं काम," पुरनलाल म्हणाला. "दरसाल साफ करतो अन् दरसाल आणून टाकतेत."

"बाबूजी, तुमचे उंदीर झाकण लावून जातात का?"

"हायवेवरचे होत थे. हुशार रायतेत."

भूमेश्वरीने भुगा पदरात गोळा केला आणि चहा ठेवायला आत गेली.

डेक सुरू झाला. खरखर… लोकांचा समुद्र… आणि मग तो कल्ला. जणू चढावर पहिल्या गिअरमध्ये रडणारा ट्रक, त्यावर घणाचे घाव, आणि वर एक माणूस जिवाच्या आकांताने ओरडतोय. पुरनलालला तो का आवडे हे तिला कळत होतं – सडक अर्जुनीच्या रस्त्यावर, ट्रकच्या कमानी – चाकांवरच्या पोलादी पट्ट्या – दुरुस्त करायच्या त्याच्या दुकानात, दिवसभर असंच तर वाजे. लग्नाआधी कधीतरी एका गोऱ्याच्या गाडीची कमान इथेच तुटली होती. काही दिवस तो दुकानातल्याच बाजेवर झोपला, मुकाट वरणभात जेवला, आणि जाताना ही टेप देऊन गेला. त्याच्या मुलखातला गाण्याचा जलसा, चोरून भरलेला. कोटाच्या काखेत यंत्र लपवून गर्दीत कसा उभा राहिलो, हे त्याने हातवारे करून दाखवलं होतं, आणि पुरनलाल ते अजून, पाहुणे आले की, तसंच करून दाखवतो.

त्या गर्दीत, यंत्राच्या अगदी जवळ, ती उभी होती. कोण, कुठली – गोऱ्यालाही ठाऊक नसणार. दोन गाण्यांच्या मधल्या फटीत ती हसते, काहीतरी दोन-तीन शब्द बोलते, आणि पुन्हा घण पडायला लागतात.

माहेरी, चिचगडला असताना भूमेश्वरी तशीच हसायची. नदीच्या या काठावर हसली की त्या काठावरची ढोरं मान वर करतात, असं मैत्रिणी म्हणत. सासरी मात्र दुकानामागचं घर, पुढे ट्रक, मागे धानाच्या बांध्या, आणि सासूबाई – "बाईच्या जातीनं येवढं हासाचं असते का?" – त्या वाईट नव्हत्या, पण त्यांनी एकदा म्हटलं आणि हसू जे आत गेलं ते गेलंच. बोलायला बाई नाही. राखीचा दुसरा दिवस आला. टोपलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात, तिने गहू पेरले होते. उजेड न पाहिलेली पिवळी पाती टीचभर वाढलेली. ही पाती म्हणजे भुजली; ती पाण्यात शिरवायची, चार पाती राखून एखादीच्या कानामागे खोवायची, तिने आपल्या कानामागे खोवायची – की झाली जन्माची मैत्री. मग नाव घ्यायचं नाही, 'भुजली' अशीच हाक मारायची. माहेरी तिच्या दोन भुजल्या होत्या. इथे कुणाच्या कानामागे खोवावी?

*पिवळी ग भुजली, अंधारात वाढली,*
*कोणाच्या कानासाठी कोणी ग काढली…*

गुणगुणत ती टोपली घेऊन बसून राहिली होती, इतकंच आठवतं. त्या साली तिने पाती नुसतीच पाण्यात सोडली.

पुढच्या वर्षी पोरगी झाली, आणि आठ दिवसांत गेली. गावातल्या बाया आल्या, तिच्या गळ्यात पडून रडल्या, आणि आपापल्या घरी भात शिजवायला गेल्या. सुतक फिटलेलं नव्हतं… आणि एका दुपारी दुकानातून तोच कल्ला ऐकू आला. पुरनलालने टेप लावली होती. घरात हे असं, आणि या माणसाला गाणं सुचतं! तिने गाठोडं बांधलं. देवरीची गाडी, तिथून चिचगड, आणि परत यायचं नाही. कुणाला सांगायचं नाही. मागच्या दाराशी पोचली, एक पाय बाहेर, आणि तेवढ्यात – खोकला, बाटली, आणि ती हसली.

जशी आधी हसायची तशीच. माझं मूल गेलं होतं, सगळ्यांचे चेहरे बदलले होते, माझाही. एक तीच बदलली नव्हती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला तिचा राग यायला हवा होता, पण कुणीतरी तहानेल्याला ओंजळीत पाणी ओतावं तसं झालं… मी उंबऱ्यावरच खाली बसले.

गाठोडं सुटलं. त्या श्रावणात चार पाती कॅसेटच्या डबीत गेली, चार स्वतःच्या कानामागे. मग दरसाल. टिकेश झाला, सासूबाई गेल्या, घरापुढचा रस्ता दुपटीने रुंद झाला, आणि ती साता समुद्रापलीकडची बाई न चुकता, एकाच जागी, हसत राहिली. नाव ठाऊक नव्हतं ते बरंच, घ्यायचं नसतंच.

चहा घेऊन भूमेश्वरी बाहेर आली तेव्हा खट्कन आवाज झाला. शेवटाला येऊन पट्टी तुटली होती.

"उतरलं सगळं," टिकेश म्हणाला. "आता यातलाच माल खरा. बघा बाबूजी, हा सगळा पब्लिकचा कचरा. हे खोकणं. अन् ही बाई, ऐन टायमाला हसून राहिली. हिलाच पहिले काढतो. जुनी फाइल उडवून टाकू, नुसतं म्युझिक ठेवू."

पडद्यावर, आवाजाच्या रेघेत, तिच्या हसण्याची निळी टेकडी दिसत होती. एवढीशी. टिकेशचं बोट खाली आलं.

"नोको काढू तिले."

दोघांनी वळून पाहिलं.

"माय, ती गाण्यातली नाही. कोणी पब्लिकमधली होय."

"माहीत आहे."

"तुले त् हा कल्लाच आवडत नाही," पुरनलाल म्हणाला. "जिंदगीभर म्हणत आली, बंद करा, डोस्कं दुखून राहिलं."

"कल्ला आजही नाही आवडत."

"मंग काऊन?"

टिकेशने ती टेकडी पुन्हा वाजवली. इतकी स्वच्छ कधी ऐकू आली नव्हती. "आता साफ येऊन राहिलं. ती काय म्हणते सांगू का, माय?"

"नोको सांगू."

ते दोन-तीन शब्द कधी 'ऊठ' होते, कधी 'भाजी लागली बघ', तापात एकदा 'मी आहे ना'. आता त्यांना एकच अर्थ कशाला? चहाचे कप तिने टेबलावर ठेवले. हात रिकामे झाले, आणि रिकाम्या हातांनी गप्प बसता येईना.

"पोरगी गेली त्या साली मी चिचगडले निघून जात होती," ती नवऱ्याकडे न पाहता म्हणाली. "कायमची. गाठोडं बांधलं होतं. थे हासली म्हणून राहिली मी. माही भुजली होय थे."

टिकेशने बोट बटणावरून मागे घेतलं. पुरनलालने चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. बोलून टाकलं की आतली जागा ओस पडेल, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं… तसं झालं नाही. ती जागा रुंदावत चालली होती. तिच्यात भुजली होती, तो गोरा होता, त्याची मोडकी गाडी होती, आणि – हे आजवर कसं सुचलं नाही – टेप लावणारा हातही होता. सुतकातल्या त्या दुपारी, आईची बोलणी खाऊन, आवाज एवढा मोठा करून, हा माणूस दुकानात एकटा काय करत होता? त्या कल्ल्याखाली दुसरा कुठला आवाज झाकत होता?

तिने पुरनलालकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. ती थांबली, घाई न करता, त्याला हवा तेवढा वेळ देत.