छप्पर, चौकोन, चंद्रकोर

"तोडू नकोस गं!" विल्डा उतारावरून ओरडली.

नेडीनचा हात देठापाशीच थांबला. "अगं आई, एकच. बाबांना दाखवायला. ते काय आता खाली येणार आहेत?"

वर कुंपणाच्या फाटकापाशी जुनी पिकअप उभी होती आणि तिच्यात हॉइट बसला होता. हिवाळ्यात त्याला झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि तोंडात 'नाही' एवढा एकच शब्द उरला. भूक लागली तरी 'नाही', हसू आलं तरी 'नाही'. पुढच्या आठवड्यात तो आणि विल्डा इथलं घर सोडून फ्रेस्नो शहरात नेडीनकडे राहायला जायची होती.

"आणि सगळी पांढरीच तर आहेत," नेडीन पुटपुटली.

"तुझा बापही असाच होता."

लग्नाआधी विल्डा शाळेत मुलांचा स्वयंपाक करायची आणि हॉइट कुरणांची कुंपणं दुरुस्त करत हिंडायचा. एका मे महिन्यात तो तिला इथे घेऊन आला. गवतात जिकडेतिकडे मॅरिपोसा लिलीची कपासारखी रानफुलं उमलली होती. "दोन जाती आहेत," तो ऐटीत म्हणाला, "पांढरी आणि पिवळी."

विल्डा गुडघ्यांवर बसून एकेका फुलात डोकावली. "दोन कुठल्या? तीन आहेत. पाकळीच्या तळाशी मधाची जागा बघ. हिची छपरासारखी उतरती. हिची चौकोनी. या पिवळीची चंद्रकोर. आणि ही पिवळी दिसतेय, पण आहे छपराचीच. रंगावर भुलू नकोस."

हॉइट पालथा पडून कितीतरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "माणसंही अशीच न्याहाळतेस का?"

"म्हणून तर अजून कुणाला होकार दिला नाही."

त्या उन्हाळ्यात तिने तो दिला. पुढे दर मे महिन्यात दोघं इथे यायची, गवतात पालथी पडून भांडायची. एखाद्या फुलाची खूण धड छप्पर नसे, धड चौकोन नसे. अशा वेळी हॉइट म्हणायचा, "याच्या आईबापांनी घरच्यांना न विचारता लग्न केलंय." फूल मात्र दोघांनी कधी खुडलं नाही.

आता वर परतताना विल्डाने एक खुडलं. नेडीन म्हणाली ते खरंच होतं, हॉइट काही आता खाली येणार नव्हता.

तिने ते खिडकीतून हॉइटच्या डाव्या हातात ठेवलं. हॉइटने फुलात बघितलंच नाही. तो तुटलेल्या देठाकडे बघत राहिला.

"नाही," तो म्हणाला.

"बाबांचं सगळ्यालाच नाही असतं," नेडीन म्हणाली.

"हा नेहमीचा 'नाही' नव्हे. हा खराखुरा आहे," विल्डा म्हणाली.

हॉइटने डाव्या हाताने चाचपडत गाडीचं दार उघडलं आणि पाय बाहेर काढला.

"बाबा, पडाल! आई, अगं सांग ना त्यांना!"

विल्डाने गाडीच्या मागून पेंडीचं रिकामं पोतं काढलं आणि उताराच्या कडेला अंथरलं. दोघींनी हॉइटला त्यावर बसवलं, एकेक दंड धरला आणि हळूहळू खाली सरकवायला सुरुवात केली. अर्ध्यावर नेडीनचा पाय घसरला. तिघंही गवतातून सरसरत खाली आली. हॉइटची टोपी उडाली.

"नाही! नाही! नाही!" तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता.

"आता यांना वर कसं न्यायचं?" नेडीन धापा टाकत म्हणाली.

"आधी बघू तर दे त्याला."

विल्डाने त्याला एका फुलापुढे कुशीवरून पालथं व्हायला मदत केली आणि स्वतःही शेजारी आडवी झाली.

"हं, बोल. छप्पर?"

"नाही."

"चौकोन?"

"नाही," हॉइट म्हणाला, पण अगदी हळू.

"हो, मलाही चौकोनच वाटतोय," विल्डा म्हणाली.

दरीतून वारा आला आणि फूल डोलायला लागलं. हॉइटने आपला धड हात वाऱ्याच्या बाजूने फुलाला आडवा धरला आणि ते स्थिर होण्याची वाट बघत राहिला.