बदक चिवट होतं

धाकटी मुलगी काम करायची त्या हॉटेलात जेवायला जाणं क्रेनमास्तरांनी पाच वर्षं टाळलं होतं. कधी गुडघा दुखतोय म्हणून, कधी पाहुणे येणार आहेत म्हणून, आणि काहीच सुचलं नाही तर सरळ पांघरूण ओढून. गोदीवर छत्तीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस. दहा मजल्यांच्या उंचीवर, काचेच्या केबिनमध्ये एकट्याने बसून डबा खायची त्यांना सवय. चार अनोळखी लोकांत बसून काट्याचमच्याने जेवायचं म्हटलं की त्यांची भूकच मरायची. त्यातून हॉटेल फ्रेंच, म्हणजे पदार्थ मागवतानाच जीभ अडखळणार.

शेवटी बायकोनेच विषय संपवला. एवढ्या मोठ्या शहरातल्या एवढ्या नावाजलेल्या हॉटेलात आपली मुलगी मुख्य शेफच्या खालोखाल काम करते आणि तिच्या हातची तिथली एक बशीही आपण पाहिलेली नाही, हे कुणाला सांगायचीसुद्धा लाज वाटते, असं ती म्हणाली. तुम्ही येणार नसाल तर मी एकटी जाते, असंही म्हणाली. मग धाकटीने रविवारच्या दुपारचं टेबल राखून ठेवलं. मास्तरांनी थोरल्या मुलाच्या लग्नातला कोट कपाटातून काढला. त्याचं मधलं बटण काही केल्या लागेना, तेव्हा बायकोने ते उघडंच राहू द्या म्हणून सांगितलं.

आत पाऊल टाकलं आणि मास्तरांचा आवाज आपोआप खाली आला. छत इतकं उंच की तिथे एक छोटी क्रेन सहज उभी राहिली असती. टेबलांवरच्या पांढऱ्या चादरी जमिनीपर्यंत सोडलेल्या, कुठे एक सुरकुती नाही. पेले इतके पातळ की हात लावायची भीती वाटावी. पिकल्या केसांच्या एका वेटरने बायकोची खुर्ची मागे ओढली, आणि ती बसता बसता नेमकी तेवढीच पुढे सरकवली. चाळीस वर्षांच्या संसारात आपण हे एकदाही केलेलं नाही, हे मास्तरांच्या लक्षात आलं. बायकोच्याही आलं असावं. ती समोरचे काटे मोजत होती.

इथवर सगळं दृष्ट लागण्यासारखं होतं. मग जेवण आलं.

आधी पाव आला. त्याचा तुकडा मोडताना मास्तरांना दोन्ही कोपर टेबलावर टेकावे लागले. त्यानंतर पाऊण तास काहीच आलं नाही. मग कांद्याचं सूप आलं. वरचं चीज तोंड पोळेल इतकं गरम आणि खालचं सूप गार. बायको हळूच म्हणाली की त्यांच्याकडे तसंच पीत असतील, आपल्याला काय कळतंय. मास्तरांनी मान डोलावली आणि गार सूप शहाण्यासारखं संपवलं. मासा खारट होता. तोही त्यांनी, समुद्रातलाच तर आहे, असं मनाशी म्हणत गिळला. मग आलं बदक. या बदकासाठी लोक महिना महिना आधी टेबल राखतात, असं धाकटीने फोनवर सांगितलं होतं. मास्तर सुरी चालवत राहिले, बशी सरकत राहिली, पण बदक काही तुटेना.

"अहो, हे असंच असतं का?" बायकोने विचारलं.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून एका टायवाल्या गृहस्थांनी आपलं बदक परत पाठवलं. त्यापलीकडच्या बाईंनी सूप परत केलं. हळूहळू सगळ्या दालनात कुजबुज सुरू झाली. म्हणजे आपल्याला कळत नाही असं नव्हतं, जेवण खरोखरच बिघडलं होतं. मास्तरांनी सुरी खाली ठेवली. आत कुणाच्या तरी हातून सगळं चुकत होतं, आणि आत त्यांची पोर होती.

पिकल्या केसांचा वेटर पेल्यांत पाणी ओतायला आला. हे दोघे कोण हे त्याला ठाऊक होतं. तो वाकून हळू आवाजात सगळं सांगून गेला. बाराच्या सुमाराला मुख्य शेफच्या मुतखड्याने उचल खाल्ली, आणि तो जागच्या जागी दुमडला. त्याला दवाखान्यात न्यायला मासळी करणारा गेला. पाच जणांच्या किचनमध्ये आता तिघं उरली होती आणि दालन तर भरलेलं. मालकांनी बंद ठेवूया म्हटलं होतं. तुमच्या मुलीने नको म्हटलं, असं वेटर म्हणाला, आणि त्याने ते चांगलं की वाईट हे चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

मास्तर हात धुवायला म्हणून उठले. किचनच्या दाराला डोळ्यांच्या उंचीवर एक गोल काच होती. ते तिथे थांबले, आणि थांबलेच.

आत पंख्यांची घरघर इतकी की काचेला हात लावला तर थरथर जाणवत होती. मधोमध धाकटी उभी, त्या घरघरीवर आवाज चढवून ओरडत. समोर ऑर्डरींच्या चिठ्ठ्यांची रांग, डाव्या बाजूला सहा शेगड्या, सहाही पेटलेल्या. ती एक चिठ्ठी वाचायची, वाचता वाचता डाव्या हाताने तवा हलवायची, आणि मान न वळवता मागच्या पोराला कळायचं की आता त्याने काय करायचं. आवाज पोचत नव्हता तिथे ती हाताने बोलत होती. तळवा आडवा धरला की हळू. दोन बोटं वर केली की उचल. मूठ आवळली की जिथे आहेस तिथे थांब. मास्तरांनी छत्तीस वर्षं वरून असे हात पाहिले होते. जहाजाच्या डेकवर उभा असलेला इशारेवाला मूठ आवळायचा आणि वीस टनांची पेटी हवेत स्थिर व्हायची. हिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

एका तव्याने भडका घेतला. ज्वाळा तिच्या डोक्याच्या वर गेली. मास्तरांचा हात दारावर गेला, पण तोवर तिने बाजूचं झाकण उचलून तव्यावर ठेवलंसुद्धा होतं, आणि ती पुढची चिठ्ठी वाचत होती. मग तयार झालेली एक बशी तिच्यापुढे आली. तिने बोटाने मांस दाबून पाहिलं आणि सगळं उचलून कचऱ्यात टाकलं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. इतक्या घाईत, इतके लोक खोळंबलेले असताना. ही आपली मुलगी आहे हे मास्तरांना माहीत होतं, तरी एखादा अनोळखी मोठा माणूस लांबून पाहावा तसे ते पाहत राहिले. अंगावर काटा आला होता आणि तो जात नव्हता.

परत आले तेव्हा बायकोने काय झालं म्हणून विचारलं.  "तूच जाऊन बघ," एवढंच ते म्हणाले.

ती त्यांच्यापेक्षाही जास्त वेळ तिथे उभी राहिली. येऊन बसली तेव्हा नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"केवढ्याने ओरडते ती," मास्तर म्हणाले. "घरी तर तोंडातल्या तोंडात बोलायची. मला वाटायचं, पोर भित्री आहे."

"भित्री कुठली. तुम्ही रात्रपाळी करून झोपलेले असायचात. मीच तिला दिवसभर गप्प बसवायचे."

 एवढी वर्षं एका घरात राहून ही साधी गोष्ट मास्तरांना ठाऊक नव्हती. त्यांनी उरलेलं बदक चावून चावून संपवलं, वर पेल्यातलं पाणी प्यायलं, आणि तो पातळ पेला धरताना या खेपेला त्यांना भीती वाटली नाही.

टायवाल्या गृहस्थांना आता राहवेना. हे शिजवलंय कुणी, त्याला बाहेर बोलवा, असं त्यांनी मोठ्याने सांगितलं.  धाकटी बाहेर आली. कपाळावर केस चिकटलेले, मनगटावर भाजल्याची लाल रेघ. गृहस्थांनी तिला सगळ्यांसमोर झापलं. तीस वर्षं इथे येतोय, असं जेवण कधी मिळालं नाही, इथपासून सुरू केलं. मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. मुतखड्याचं, तिघांचं, सगळं सांगून टाकायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. बायकोने टेबलाखालून त्यांचा कोट धरून त्यांना खाली बसवलं.

धाकटीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. 

"तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "ते बदक बाहेर यायलाच नको होतं. मी पाठवलं, चूक माझी. दुसरं करून देते, पण वीस मिनिटं लागतील. थांबाल?"

 गृहस्थांना भांडायला समोर कुणी उरलंच नव्हतं. थांबतो, असं ते म्हणाले, आणि त्यांनी मांडीवरचा रुमाल नीट केला.

जाता जाता ती आईबाबांच्या टेबलाशी थांबली. तिने दोघांच्या बश्यांकडे पाहिलं, चेहऱ्यांकडे नाही.

"कसं होतं?"

बायको छान होतं म्हणायला तोंड उघडत होती. मास्तरांनी तिला थांबवलं. आत्ताच जिने भरल्या दालनात खरं बोलून दाखवलं होतं, तिच्याशी खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं.

"सूप गार होतं," ते म्हणाले. "मासा खारट. आणि बदक चिवट होतं."

"माहितीये," धाकटी म्हणाली. मग पहिल्यांदाच तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "सगळं खाल्लंत?"

"सगळं."

तिला हसू फुटलं, पण ती लगेच वळून आत गेली.

चारच्या सुमाराला दालन रिकामं झालं. पिकल्या केसांच्या वेटरने दोघांना स्वतः किचनमध्ये नेलं. दवाखान्यातून फोन येऊन गेला होता, शेफला दोन दिवस ठेवून घेणार होते. म्हणजे आजची संध्याकाळ आणि उद्याचा दिवस धाकटीच्याच गळ्यात. ती एका उपड्या क्रेटवर बसून दुपारचा उरलेला पाव खात होती आणि दुसऱ्या हाताने संध्याकाळची यादी लिहीत होती. थकलीस का, असं आईने विचारलं, तर तिने मान हलवली. ती हो होती की नाही, ते कळलं नाही.

मास्तर हात मागे बांधून सगळं बघत फिरले. कोपऱ्यातली एक सोडून थंड पडलेल्या शेगड्या, त्या एकीवर उकळायला ठेवलेलं संध्याकाळचं पातेलं, भिंतीवर आकाराप्रमाणे टांगलेली भांडी, आणि दुपारी तिच्यापुढे होत्या त्या चिठ्ठ्या. खिळ्याला टोचून ठेवलेल्या त्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा वीतभर जाड झाला होता. त्यांनी त्याला बोट लावून पाहिलं.

मागून तिचा आवाज आला. तो हळू नव्हता.

"बाबा, बाजूला व्हा. मागून गरम येतंय."

गोदीवर एवढी वर्षं लोकच त्यांच्या हुकाखालून बाजूला होत आले होते. मास्तर पटकन सरकले, पाठ भिंतीला लावली, पोट आत ओढून घेतलं, आणि दोन्ही हातांनी उकळतं पातेलं धरून त्यांची मुलगी समोरून जाईपर्यंत तसेच उभे राहिले.